सतरा दिवस चूल बंद

घराचे काम काढणे म्हणजे काय, हे चाळीत आणि कॉलनीत राहणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको. मोठ्या घरची माणसे काम निघाले की दुसरीकडे राहायला जातात. आपल्याला दुसरीकडे कुठले? एका खोलीत मिस्त्री आणि दुसऱ्या खोलीत सगळा संसार, असाच आपला मुक्काम. झोपायची सोय कशीही होते. पलंगावर भांडी, पलंगाखाली पीठ-मीठ आणि मधल्या पट्टीत पाच माणसे. अडते ते जेवणापाशी.

आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहतो. सासऱ्यांच्या वेळेपासूनचे घर आहे. बाहेर एक खोली आणि आत चिंचोळे स्वयंपाकघर. आमच्या मोरीचे पाणी खालच्यांच्या छतातून ठिबकायला लागले होते. खालच्या वहिनी भल्या, दोन पावसाळे त्यांनी बादली लावून काढले. “आज ना उद्या बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार, मग कशाला पैसे घालायचे?” असे आमच्याकडे हे म्हणत. पण हे ‘आज ना उद्या’ मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे, आणि त्याला बावीस वर्षे झाली. शेवटी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलो आणि त्याच आठवड्यात काम काढले. मोरी फोडायची तर ओट्याखालून जाणारा नळ बदलायचा, नळ बदलायचा तर ओटाही काढायचा. कडाप्प्याचा तो ओटा आधीच मधून तडकलेला होता. मिस्त्री म्हणाला, “आठ दिवस.” लागले सतरा.

यात मिस्त्रीची लबाडी नव्हती. मोरीला वॉटरप्रूफिंग केले की तीत पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवतात आणि खाली थेंब येतो का ते बघतात. आमच्याकडे पहिल्या खेपेला थेंब आला, म्हणून एक कोपरा पुन्हा उकरावा लागला. अशा कामात घाई केली तर तोच खर्च पुन्हा करावा लागतो. ज्यांना काम काढायचे असेल त्यांनी मिस्त्री सांगेल त्याच्या दुप्पट दिवस धरावेत आणि जेवणाचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा. लादीचा, सिमेंटचा, रॅबिटच्या गोण्या खाली उतरवण्याचा हिशेब सगळेच मांडतात. जेवणाचा कोणी मांडत नाही.

समोरच्या काकूंनी चहापुरता गॅस मोकळा केला. पण पाच माणसांचा स्वयंपाक दुसऱ्याच्या ओट्यावर रोज कसा करणार? बाहेरच्या खोलीत शेगडी मांडावी तर सिमेंटची धूळ भाकरीवर. तेव्हा असे ठरले की दुपारचे ज्याने त्याने बघावे आणि रात्रीचा डबा लावावा. जवळच एक बाई घरून डबे देतात. हाताला चव आहे असे सगळे म्हणत होते. नव्वद रुपयाला एक डबा, त्यात तीन पोळ्या, भाजी, वरण-भात. आम्ही चार डबे सांगितले. पाच जणांना चार पुरतात, आईंचे खाणे चिमणीचे. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

फोनवर बाईंनी पूर्ण नाव विचारले. यांनी सांगितले. आमचे आडनाव सगळ्या जातींत सापडते, त्यामुळे त्यावरून कोणाला काही कळण्यासारखे नाही. पहिले दोन दिवस जेवण स्टीलच्या डब्यांतून आले. थोरलीने डबे घासून-पुसून परत दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई स्वतःच वर आल्या. दार उघडेच होते. आत काम काढल्यामुळे आम्ही भिंतीवरच्या तसबिरी काढून पलंगावर भांड्यांच्या शेजारी नीट उभ्या करून ठेवल्या होत्या, बाबासाहेबांची आणि तथागतांची. बाईंनी आत बघितले, पैशाचे बोलल्या आणि गेल्या. तिसऱ्या दिवसापासून जेवण प्लास्टिकच्या, फेकून द्यायच्या डब्यांतून यायला लागले.

हे म्हणाले, “अगं, सगळ्यांनाच तसे देत असतील. घासायचा त्रास वाचला तुझ्या लेकीचा.” थोरलीला ते पटले नाही. तिने फोन करून सरळ विचारले, “काकू, आम्हाला प्लास्टिक का?” उत्तर आले, “स्टीलचे डबे कमी पडतात बाई.” दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून येताना बघून आली. तळमजल्यावर एका दाराला त्याच बाईंचा स्टीलचा डबा लटकत होता, झाकणावर तोच लाल रंगाचा ठिपका. बाजूच्या जिन्यात आणखी दोन.

आता यावर काय बोलणार? कोणी वाईट बोलले नाही, कोणी दार लावले नाही, जेवण गरम होते आणि मीठही बरोबर होते. आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडावर सांगितले जायचे, त्यांना निदान भांडता तरी यायचे. आता नुसता डबा बदलतो. खरे कारण त्या बाईंचे त्यांना ठाऊक. यांनी पाच दिवसांचे पैसे चुकते केले आणि “उद्यापासून नको” एवढेच सांगितले. मला वाटते, बरोबर केले.

डबा करणाऱ्या बायकांविषयी माझ्या मनात अढी नाही, हे इथे सांगून टाकते. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी हजारो कामगारांना जेवू घातले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. दुसऱ्याची भूक भागवून स्वतःचा संसार चालवणे हे कष्टाचे आणि मानाचे काम आहे. पण कोणाचे ताट कोणत्या फळीवर ठेवायचे हा हिशेब आपल्या देशात स्वयंपाकघरातच शिकवला जातो, हेही तितकेच खरे.

सहाव्या दिवसापासून आम्ही हॉटेलात जेवायला लागलो. स्टेशनच्या वाटेवर एक उडपी हॉटेल आहे. दहावीतला आमचा धाकटा खूश झाला. त्याला रोजचा मसाला डोसा दिसत होता. मात्र आई म्हणाल्या, “तुमी जावा. मला भूक न्हाय.” पहिल्या रात्री आम्हाला वाटले, गुडघे दुखत असतील, दोन जिने उतरायचे म्हणून नको म्हणतात. त्यांच्यासाठी इडली बांधून आणली. दुसऱ्या रात्री वाटले, खर्चाला भितात. यांनी सांगून बघितले की पैशाची काळजी करू नको. तिसऱ्या रात्री त्यांनी काकूंकडच्या चहात दोन खारी बुडवून खाल्ल्या आणि पडून राहिल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी खारीवर किती दिवस काढणार? मी गेले नाही, त्यांच्याजवळ बसले. तेव्हा त्या बोलल्या.

आईंचे माहेर सातारा जिल्ह्यात, माणदेशाकडे. लहानपणी त्या वडिलांबरोबर बाजाराला जात. बाजारच्या गावात एक हॉटेल होते. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, आत बाकडी. आपली माणसे बाहेर, गटाराच्या कडेला उकिडवी बसत. त्यांच्यासाठी कान तुटलेल्या कपबश्या बाहेर खुंटीला टांगलेल्या असत. चहा वरून ओतायचे. पैसे जमिनीवर ठेवायचे. “आन् कप इसळून परत खुटीला लावायचं काम माजं,” आई म्हणाल्या. “बा चा प्यायचा, मी इसळायची. मला लई भारी वाटायचं, बाजारात आपल्याला काम हाय म्हनून.”

त्या नऊ वर्षांच्या असताना १९५६ साल आले. त्यांच्या गावातून कोणी नागपूरला गेले नव्हते, पण बातमी आली आणि वस्तीची बैठक बसली. मेलेले ढोर ओढायचे नाही, गावकीची कामे करायची नाहीत, हे तर ठरलेच. आईंच्या वडिलांनी त्यात आणखी एक भर घातली. जिथे कप वेगळा तिथला चहा प्यायचा नाही. तेव्हापासून ते बाजारात चहा प्यायले नाहीत. तहान लागली तर घरून नेलेले पाणी प्यायचे. लेकीलाही त्यांनी तेच सांगितले, आणि लेकीने ते आयुष्यभर पाळले. बाहत्तरच्या दुष्काळात मुंबईला आल्या, इथेच म्हाताऱ्या झाल्या, पण हॉटेलची पायरी चढल्या नाहीत. आम्हाला इतकी वर्षे वाटत होते की त्यांना बाहेरचे आवडत नाही.

वाचकहो, इथे थोडे कायद्याचे सांगते, कारण धाकट्याने त्या रात्री हे पुस्तकातून काढून दाखवले. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमातच दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचे नाव घेऊन लिहिले आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला तिथे अडवता येणार नाही. तिथेच पुढे विहिरी, तलाव आणि रस्तेही आहेत. पुढे १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला, त्यालाच १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात तर हॉटेलातल्या भांड्यांचाही उल्लेख आहे. सगळ्यांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा. म्हणजे आईंच्या वडिलांनी तो कान तुटलेला कप सोडला त्याच्या एक वर्ष आधीच तो कप बेकायदा झाला होता. कायदा दिल्लीत झाला होता, कप मात्र माणदेशात खुंटीलाच होता.

सासऱ्यांची गोष्ट वेगळी. ते गिरणीत रिंग खात्यात होते. साचा खात्यात पगार जास्त, पण जुन्या काळी तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपले तोंड लागलेला धागा बाकीच्यांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. सासरे हे सगळे सांगत आणि वर म्हणत, “आपल्याला खुर्ची दिली ती इराण्याने.” इराण्याच्या हॉटेलात तू कोण, कुठला, असे कोणी विचारत नसे. सगळ्या जातिधर्मांचे लोक एकाच टेबलाला बसत. रविवारी ते तिथून ब्रून पाव आणत आणि आई तो चहाबरोबर आवडीने खात. पण घरी बसून.

सगळे ऐकल्यावर थोरली आजीला म्हणाली, “आजी, पणजोबांनी काय सांगितलं होतं? जिथं कप वेगळा तिथं जायचं नाही. इथं कप वेगळा नाही, तू बघ तरी येऊन.” आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र त्यांनी ट्रंकेतले पांढरे लुगडे काढले, विहारात जाताना नेसतात ते.

हॉटेलात त्या कडेला बसल्या, दाराजवळ. वेटरने येऊन पाच ग्लास पाणी ठेवले, एक त्यांच्यासमोर. त्यांनी तो ग्लास बघितला, मग यांचा बघितला, धाकट्याचा बघितला. सगळे सारखे. जेवण त्यांनी थोडेच घेतले, साधा डोसा, अर्धा. पण चहा सगळा प्यायल्या. आणि कप रिकामा झाल्याबरोबर तो बशीसकट उचलून उठल्या आणि इकडेतिकडे नळ शोधायला लागल्या.

आम्ही सगळे बघत राहिलो. यांना उठायचेही सुचले नाही. पलीकडून वेटर धावत आला. “आजी, अहो ठेवा, ठेवा तिथंच. पोरगा उचलेल,” असे म्हणत त्याने त्यांच्या हातातून कप घेतला. आई खाली बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “सत्तर वर्सं झाली, तरी हात गेलाच की.” धाकटा हसणार होता, थोरलीने त्याला टेबलाखालून पाय मारला.

टेबल पुसायला आला तो मुलगा उत्तरेकडचा, वीस-एकवीस वर्षांचा. आईंनी त्याला आपल्या हिंदीत विचारले, जेवलास का? तो म्हणाला, “ग्यारह बजे, बंद होने के बाद.” घरी येताना आई त्याच्याविषयीच बोलत होत्या, आपल्या कपाविषयी नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत काय झाले तेही सांगते. पहिले दोन दिवस संध्याकाळी सात वाजले की माझे हात कणीक शोधायचे. अंगणवाडीतून आल्यावर करायला काही नाही, ही गोष्ट मला कुठे ठेवावी ते कळेना. आणि हॉटेलात बसल्यावर आणखी एक लक्षात आले. माझे ताट सगळ्यांच्या बरोबर आले. पोळी गरम होती आणि ती माझ्या पानात पडली तेव्हा कोणाला आणखी हवी आहे का हे बघायला मला उठायचे नव्हते. बावीस वर्षांत लग्नकार्याची पंगत सोडली तर असे झाले नव्हते. आपल्या घरात कोणी कोणाला आधी जेवू नको म्हणत नाही. पण ओटा एका कोपऱ्यात, माणसे दुसऱ्या खोलीत, तव्यावर भाकरी आहे तोवर बाई उभी. ती बसते तेव्हा बाकीचे हात धुऊन टीव्ही बघत असतात. हे कोणी ठरवलेले नाही, म्हणून कोणी बदलतही नाही. थोरली म्हणाली, “आई, तू भाजी तोंडी लावत लावत कधी खाल्ली होतीस गं? तू तर शेवटी पातेलं पुसतेस.” यांनी ऐकले आणि पाणी प्यायले.

खर्च मात्र सोसवणारा नव्हता, ते लपवत नाही. पाच माणसांचे साधे जेवण-चहा धरून रोज सहाशे-सातशे उठत होते. धाकट्याला काही वेगळे हवे झाले की आठशे. शेवटच्या आठवड्यात आम्ही एक दिवस हॉटेल, एक दिवस वडापाव-केळी असे केले. एक दिवस विहारातल्या ताईंनी घरी बोलावून भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. त्या भाकरीची सर कुठल्याच हॉटेलला नाही, पण रोज कोणाच्या दारी जाणार? मिस्त्रीच्या माणसांचेही बघितले. ते तिघे दुपारी आमच्याच गॅलरीत बसून पाव आणि मिरचीचा ठेचा खात. एक दिवस हॉटेलातून येताना हे त्यांच्यासाठी भाजी-पाव घेऊन आले. त्यांनी नको-नको म्हणून घेतले.

ओटा बसवायचा दिवस आला तेव्हा मिस्त्रीने उंची विचारली. मी म्हटले, माझ्या कोपराखाली चार बोटे धरा. पूर्वीचा ओटा कोणाच्या मापाचा होता कोण जाणे, माझे खांदे भरून यायचे. मग हे मध्येच म्हणाले, “समोरच्या भिंतीला एक फळी लावता येईल का? दुमडायची, टेबलासारखी.” सुताराने पस्तीसशे सांगितले. ग्रॅनाइटचा साधा रंग घेतला आणि त्यातून ते पैसे काढले. आता रात्री ती फळी उघडतो. तव्याजवळ मी बसल्या जागेवरून पोहोचते. पाच माणसे अगदी खेटून बसतात, धाकट्याचे कोपर नेहमी कोणाला तरी लागते. भाकऱ्या आधी सगळ्या करून टोपलीत ठेवते. थोड्या गार होतात. कुरकुर होते, पण कोणी फळी बंद करा म्हणत नाही.

खालच्या वहिनींचे छत वाळले. त्यांनी बादली आणून दाखवली, रिकामी.

आणि आई? महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन काढायला जातात, तेव्हा येताना त्या हॉटेलात थांबतात. गेल्या महिन्यात विहारातल्या दोन म्हाताऱ्यांना बरोबर नेले होते. त्यातली एक आईंसारखीच, कधी आत न गेलेली. कटिंग नाही, तिघींनी पूर्ण चहा घेतला. बिल आईंनी दिले, वेटरच्या हातात.